डॅनी वेडी झाली की तिला वेडी केली? फँटसीतल्या राण्यांचं पतन, सोप्या भाषेत

मे २०१९ मध्ये गेम ऑफ थ्रोन्स संपली आणि आज इतकी वर्षं झाली तरी एक भांडण काही मिटत नाहीये. डेनेरिस टारगेरियन, म्हणजे सगळ्यांची डॅनी, जिने गुलामांना सोडवलं, जिच्या 'खलीसी' या किताबावरून अमेरिकेत शेकडो लोकांनी आपल्या मुलींची नावं ठेवली, तिनेच शेवटून दुसऱ्या एपिसोडमध्ये शरण आलेलं अख्खं शहर ड्रॅगनवर बसून जाळून टाकलं. सीझन पुन्हा नीट बनवा म्हणून ऑनलाइन पिटिशन निघाली आणि तिच्यावर दहा लाखांहून जास्त सह्या पडल्या. नंतर हाऊस ऑफ द ड्रॅगन आली, त्यातही एक राणी, तिच्याही हातात ड्रॅगन, त्यामुळे तोच वाद परत वर आला. जे लोक सिरीज आत्ता पहिल्यांदा बघतायत ते पण शेवटी येऊन हेच विचारतात की अरे ती अशी अचानक का वागली?

उत्तरं साधारण दोनच मिळतात. एक, "ती पहिल्यापासून तशीच होती, तुमचं लक्ष नव्हतं." दुसरं, "रायटर्सनी माती केली." मला दोन्ही उत्तरं अर्धी वाटतात, आणि अर्धी का वाटतात ते सांगायचं तर आधी फँटसीमध्ये राणी बिघडते म्हणजे नेमकं काय होतं ते बघायला लागेल. पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, दोन्ही सिरीजचे आणि पुस्तकांचेही.

आधी गोष्ट थोडक्यात

डॅनीचा बाप एरिस हा 'मॅड किंग', लोकांना जिवंत जाळायचा, त्याच्याविरुद्ध बंड झालं, तो मारला गेला आणि ही दोन भावंडं परदेशात पळाली. मोठा भाऊ व्हिसेरिस याने सैन्य मिळावं म्हणून बहिणीला डोथ्राकी टोळीच्या सरदाराला अक्षरशः विकलं. तिथून ती उभी राहिली. नवरा गेला, पोटातलं मूल गेलं, नवऱ्याच्या चितेत ती ड्रॅगनची तीन अंडी घेऊन शिरली आणि सकाळी तीन पिल्लं घेऊन बाहेर आली. मग अस्तापोर, युंकाई, मिरीन अशी गुलामांच्या व्यापारावर जगणारी शहरं तिने एकेक करून घेतली. सातव्या सीझनला ती बापाचं सिंहासन परत घ्यायला वेस्टेरॉसला आली. तिथे तिने उत्तरेतल्या मेलेल्यांच्या सैन्याशी लढायला मदत केली, त्यात एक ड्रॅगन आणि जुना विश्वासू जोराह गमावला, मग राजधानीतल्या राणी सर्सीशी झालेल्या लढाईत दुसरा ड्रॅगन आणि मैत्रीण मिसान्डे गमावली, आणि शेवटी राजधानी किंग्ज लँडिंग शरण आली, घंटा वाजल्या, तरी तिने ती जाळली. शेवटच्या एपिसोडला जॉन स्नोने, ज्याच्यावर तिचं प्रेम होतं त्यानेच, तिला मारलं.

पतन म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत याला 'करप्शन आर्क' म्हणतात. आर्क म्हणजे पात्राचा गोष्टीतला प्रवास, सुरुवातीला ते कुठे होतं आणि शेवटी कुठे पोचलं. करप्शन आर्कमध्ये चांगलं किंवा निदान समजून घेता येईल असं माणूस हळूहळू अशा जागी पोचतं की जिथे आपण त्याच्या बाजूने उभं राहू शकत नाही. बस, एवढंच. पण यातली मेख अशी की ते माणूस ज्या गुणामुळे आपल्याला आवडतं, बहुतेक वेळा त्याच गुणाच्या वाटेने खाली जातं.

हे फँटसीत सगळ्यात स्वच्छ कुठे सांगितलंय तर लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये. पहिला भाग १९५४ चा. त्यात फ्रोडो हा साधा नायक काळ्या राजाची, अफाट सत्ता देणारी अंगठी आधी गँडाल्फ या जादूगाराला देऊ करतो आणि गँडाल्फ घाबरून नाही म्हणतो, कारण त्याला माहितीये की ती अंगठी त्याच्यापर्यंत हावेतून येणार नाही, ती येईल त्याच्या दयेतून, दुबळ्यांचं भलं करायच्या इच्छेतून. पुढे फ्रोडो तीच अंगठी गॅलाड्रिएलला देऊ करतो. ती एल्फ लोकांची राणीसारखी, शहाणी, हजारो वर्षांची. ती क्षणभर बोलून दाखवते की काळ्या राजाच्या जागी मग एक राणी बसेल, सुंदर आणि भयंकर, सगळे तिच्यावर प्रेम करतील आणि हताश होतील. आणि मग ती अंगठी नाकारते.

माझ्या मते डॅनीच्या सगळ्या प्रवासाची पूर्वकल्पना या अर्ध्या पानात आहे. गॅलाड्रिएल तिथे थांबली, कारण पुढे आपलं काय होईल ते तिला दिसत होतं. डॅनीला ते दाखवणारं कोणी नव्हतं, आणि जे सल्लागार होते, टिरियन, व्हॅरिस, जोराह, ते एकेक करून गेले किंवा चुकीचे सल्ले देत राहिले.

जुन्या गोष्टीतली राणी

याच्याही आधीचा एक साचा आहे, आरशासमोरची राणी. स्नो व्हाइटची गोष्ट ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये छापली तेव्हा त्यात मुलीला मारायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं, सख्खी आई असं करते हे सहन होईना म्हणून असेल. शेवटी तिला तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचवतात. या राणीला प्रवासच नाही, ती पहिल्या पानापासून मत्सरी आहे, आणि मत्सर कशाचा तर तरुण आणि जास्त सुंदर मुलीचा.

हा साचा इतका चिवट आहे की गेम ऑफ थ्रोन्समध्ये पण आहे. डॅनीची शत्रू असलेली राणी सर्सी लॅनिस्टर, तिला लहानपणी एक चेटकीण भविष्य सांगते की तू राणी होशील, पण एक दुसरी येईल, तुझ्याहून तरुण, तुझ्याहून सुंदर, आणि तुझं सगळं हिरावून घेईल. आरशाच्या जागी चेटकीण आली, बाकी तेच. फरक एवढा की मूळ पुस्तकांचा लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिनने आणि सिरीजवाल्यांनी त्या आरशासमोरच्या बाईला पूर्ण माणूस केलं.

सर्सीचं आपल्याला का पटलं?

सर्सी डॅनीपेक्षा कितीतरी वाईट वागते आणि तरी तिच्याबद्दल कोणी पिटिशन काढली नाही. सहाव्या सीझनचा शेवटचा एपिसोड आठवा, २६ जून २०१६ ला आलेला. सकाळ होते, सगळे कपडे चढवतात, पियानो वाजायला लागतो, जो त्या सिरीजमध्ये तोपर्यंत कधी वाजला नव्हता, आणि कितीतरी वेळ कोणी फारसं बोलतच नाही. सर्सी आपल्या खटल्याला जात नाही, खिडकीत उभी राहते आणि समोरचं मंदिर आतल्या शेकडो माणसांसकट उडवून देते, हिरव्या आगीत. आणि वाइनचा घोट घेते.

तिथे कोणालाही "अचानक" वाटलं नाही. कारण तिला नागवं करून रस्त्यावरून चालवलं होतं ते आपण आधीच्या सीझनला पूर्ण बघितलं होतं, एकेक पाऊल. तिची दोन मुलं मेलेली बघितली होती. ती काय विचार करते, कोणाचा द्वेष करते, कशाला घाबरते, सगळं आपल्याला माहीत होतं. आणि मुख्य म्हणजे त्या निर्णयाची किंमत त्याच एपिसोडमध्ये वसूल होते, तिचा उरलेला एकुलता मुलगा टॉमन ते जळतं मंदिर बघतो आणि खिडकीतून उडी टाकतो. ज्या मुलांसाठी हे सगळं करतेय असं ती आयुष्यभर म्हणत आली, त्यातलं शेवटचं मूल तिच्या स्वतःच्या विजयाने गेलं. त्यानंतर ती सिंहासनावर बसते तेव्हा चेहऱ्यावर काहीच नाही.

मला तर हा आख्ख्या सिरीजमधला राणीच्या पतनाचा सगळ्यात नीट लिहिलेला भाग वाटतो. आणि आता मजेची माहिती, तो एपिसोड आणि डॅनीचा शहर जाळायचा एपिसोड, दोन्हीचा दिग्दर्शक एकच आहे, मिगेल सापोचनिक. शहर तेच. जळणाऱ्या किंग्ज लँडिंगमध्ये दोन्ही वेळा ती हिरवी आग पण आहे. म्हणजे टॅलेंटचा किंवा बजेटचा प्रश्न नव्हता.

"पण हिंट्स तर पहिल्यापासून होत्याच ना?"

हो, होत्या, आणि खूप होत्या. हा आक्षेप खोटा नाहीये. पहिल्या सीझनला सख्ख्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओततात आणि ती शांतपणे बघते. दुसऱ्या सीझनला क्वार्थच्या दारात उभी राहून शहरं जाळायच्या धमक्या देते, आणि जाताना फसवणाऱ्यांना तिजोरीत जिवंत कोंडून जाते. मिरीनच्या मालकांनी रस्त्यावर १६३ गुलाम मुलांना खिळे ठोकून मारलं होतं म्हणून शहर घेतल्यावर ती १६३ मालकांना तसंच मारते, कोण दोषी कोण नाही हे न तपासता, आणि मग त्यातल्या एकाचा मुलगा तिच्यासमोर येऊन सांगतो की माझ्या बापाने त्या मुलांना मारायला विरोध केला होता. सातव्या सीझनला शरण यायला नकार दिला म्हणून टार्ली बाप-लेकाला जाळते.

याला 'फोरशॅडोइंग' म्हणतात, पुढे काय होणार त्याची आधी पेरलेली चाहूल. आता गंमत इथेच आहे. चाहूल असणं आणि कारण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या भांडणात दोन्ही बाजू त्यांची गल्लत करतात.

गॅसवर दूध ठेवलंय असं समजा. गॅस चालू आहे हे तुम्हाला माहितीये, म्हणजे दूध कधीतरी उतू जाणार हेही माहितीये. तरी उतू जाताना आधी कडेला बुडबुडे येतात, मग साय हलते, मग ती फुगून वर वर येते, आणि मग जातं. सगळं मिनिटभरात होत असेल पण क्रमाने होतं. डॅनीच्या बाबतीत गॅस सात सीझन चालू होता हे शंभर टक्के खरं. पण साय वर येतानाचा भाग आठव्या सीझनने जवळजवळ कापलाच. हिशोब बघा, पहिले सहा सीझन प्रत्येकी १० एपिसोडचे, सातवा ७ चा आणि आठवा ६ चा, एकूण ७३. मेलेल्यांशी लढाई, जिथे ती सगळ्यांसाठी जीव धोक्यात घालते, तो एपिसोड २८ एप्रिल २०१९ चा आणि शहर जळतं तो १२ मे चा. मधे एकच एपिसोड. त्या एकाच एपिसोडमध्ये एक ड्रॅगन मरतो, मिसान्डेचं डोकं उडवतात, जॉनच खरा वारस आहे ही बातमी फुटते, आणि सल्लागार तिच्याविरुद्ध कुजबुज सुरू करतात. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र सीझन मागत होती, निदान तीन-चार एपिसोड तरी.

आणि याहून मोठी गोष्ट कॅमेऱ्याची. घंटा वाजतात, डॅनीचा चेहरा दिसतो, श्वास जोरात चाललाय, डोळे राजवाड्यावर, आणि मग ती उडते. त्यानंतर त्या एपिसोडमध्ये तिचा चेहरा आपल्याला परत नीट दिसतच नाही! फक्त ड्रॅगन दिसतो, खालून, पळणाऱ्या लोकांच्या नजरेतून. यामागे विचार होता हे मान्य, आग ज्यांच्यावर पडते त्यांच्यासोबत प्रेक्षकाला ठेवायचं होतं, आणि ते सीन खरंच अंगावर येतात. पण त्याची किंमत अशी की ज्या बाईसोबत आपण आठ सीझन चाललो तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय होताना आपल्याला बाहेर उभं केलं. एपिसोडनंतरच्या पडद्यामागच्या व्हिडिओत निर्माते सांगतात की राजवाडा बघून, तिच्या घराण्याने बांधलेला तो वाडा बघून, तिने ती लढाई वैयक्तिक केली. मग हे एपिसोडमध्ये का नाही दिसलं? सर्सीचा निर्णय समजून घ्यायला कोणाला असा व्हिडिओ बघावा लागला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं की शेवट चुकीचा नव्हता, शेवटाकडे नेणारी वाट गाळली.

टाळ्या कोण वाजवत होतं?

हा भाग लोकांना आवडत नाही पण सिरीजने स्वतःच तो मांडलाय. शेवटच्या एपिसोडला टिरियन कैदेत बसून जॉनला सांगतो की तिने अस्तापोरचे गुलामांचे व्यापारी मारले तेव्हा तक्रार कोणी केली, ते वाईट लोक होते. मिरीनचे सरदार मारले, तेही वाईट होते. ती जिथे जाते तिथे वाईट लोक मरतात आणि आपण तिचा जयजयकार करतो, आणि तिची खात्री वाढत जाते की आपण करतो ते बरोबरच.

हा संवाद खरं तर प्रेक्षकाशी आहे. अस्तापोरचा तो सीन आठवा, ती व्यापाऱ्याला ड्रॅगन देते, बदल्यात सैन्य घेते, आणि मग ड्रॅगनला एक शब्द उच्चारून त्याला जाळते. आख्ख्या जगाने तो सीन परत परत बघितला, मीम बनले, टी-शर्ट आले. त्या क्षणी तिची आग ही न्यायाची आग होती. आणि गोष्ट आपल्याला हेच शिकवत होती की आगीने प्रश्न सुटतो. पुढे मिरीनमध्ये राज्य चालवायची वेळ आली, करार, तडजोडी, दरबारात रोज रांगेत येणाऱ्यांच्या तक्रारी, तेव्हा प्रेक्षक कंटाळले, "हिला लवकर वेस्टेरॉसला न्या रे" म्हणत होते. एक गरीब बाप आपल्या जळलेल्या मुलीची हाडं कापडात गुंडाळून तिच्यासमोर ठेवतो, तिच्या सगळ्यात मोठ्या ड्रॅगनने मारलेली, आणि ती उरलेल्या दोन ड्रॅगनना स्वतः साखळ्या घालते. तो तिच्या राणीपणाचा सगळ्यात चांगला क्षण होता, गॅलाड्रिएलच्या जवळ जाणारा. त्याचे टी-शर्ट नाही निघाले.

"राजे पण बिघडतातच की, मग राणीचाच एवढा इश्यू का?"

बरोबर प्रश्न आहे. पुरुष पात्रं पण बिघडतात, आणि त्यांच्याही बाबतीत घाई होते, स्टार वॉर्समधला अॅनाकिन २००५ च्या सिनेमात ज्या वेगाने लहान मुलांवर तलवार उगारायला पोचतो त्यावरही लोक अजून भांडतात. गेम ऑफ थ्रोन्समध्येच सिंहासनाचा एक दावेदार स्टॅनिस आपल्या पोटच्या मुलीला जिवंत जाळतो.

पण बघा, स्टॅनिस जाळतो तेव्हा कारण काय, तर बर्फात सैन्य अडकलंय, रसद संपलीय, भविष्यवाणी आहे, कर्तव्य आहे. चूक, भयंकर, पण कारणं राज्याची. डॅनी जाळते तेव्हा कारणं काय दाखवली? मैत्रीण गेली, प्रियकर दूर झाला, जेवत नाही, केस विस्कटलेले, डोळ्याखाली काळं. जॉन तिला जवळ घेत नाही आणि ती म्हणते ठीक आहे, मग भीतीच असू दे. म्हणजे राजाचं पतन विचारातून आणि राणीचं भावनेतून. वर रक्तातच वेड आहे ही जोड, टारगेरियन जन्मला की देव नाणं उडवतात, एक बाजू थोरपण, एक बाजू वेड. रक्तावर ढकललं की मग लेखकाला कारण लिहायची गरजच उरत नाही, म्हणून मला ते नाण्याचं वाक्य कितीही सुंदर असलं तरी पळवाट वाटतं.

त्यात व्हॅरिस सरळ म्हणतो की जॉन पुरुष आहे म्हणून वेस्टेरॉसच्या सरदारांना जास्त पटेल. टिरियन लगेच आठवण करून देतो की जॉफ्री, सर्सीचा क्रूर राजा झालेला मुलगा, तो पण पुरुषच होता. हा वाद सिरीजने उचलला आणि मग शेवट असा केला की व्हॅरिसच बरोबर निघाला. जॉनची बहीण म्हणून वाढलेली सॅन्सा शेवटी उत्तरेची राणी होते हे खरं, आणि ते चांगलंच आहे, पण ती काय राज्य करते ते आपल्याला बघायला मिळत नाही.

सत्तेजवळच्या बाईवर दोष जाऊन चिकटतो ही गोष्ट आपल्याला काही परकी नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवलं ते राघोबादादांना. पण आज कोणालाही विचारा, तोंडावर येतं ते आनंदीबाईचं नाव आणि 'ध चा मा'. खटल्याचा निकाल एक आणि लोकांच्या तोंडचा निकाल दुसरा. गोष्टीला कट करणारी बाई मिळाली की ती सोडवत नाही.

"म्हणजे राणीला वाईट दाखवायचंच नाही का?"

दाखवा की! उलट मला तर राणी पूर्ण बिघडलेली बघायला आवडेल, पण तिच्या डोक्यात बसून. हे कसं करता येतं ते मार्टिनच्या पाचव्या पुस्तकात, २०११ मध्ये आलेल्या अ डान्स विथ ड्रॅगन्समध्ये दिसतं. तिथे मिरीनमध्ये डॅनीची माणसं रात्री मारली जातायत. एका दारूवाल्यावर संशय आहे. तिचा माणूस सुचवतो की बापाच्या डोळ्यांसमोर त्याच्या मुलींची 'चौकशी' केली तर तो नावं सांगेल. आणि ती म्हणते तुला योग्य वाटेल ते कर, मला नावं हवीत. ड्रॅगन नाही, आग नाही, आरडाओरडा नाही, दरबारातलं एक साधं वाक्य. आणि त्याच पुस्तकात तीच डॅनी ओलीस ठेवलेल्या सरदारांच्या मुलांना मारायला ठाम नकार देते, कितीही दबाव आला तरी. दोन्ही निर्णय एकाच बाईचे, एकाच खुर्चीवरचे. वाचताना आपण दोन्ही वेळा तिच्या आत असतो.

त्या पुस्तकातल्या तिच्या शेवटच्या प्रकरणात ती गवताळ माळावर एकटी भटकतेय, भूक, ताप, भास. जोराहचा आवाज येतो की ड्रॅगन झाडं लावत नसतात. मिरीनमध्ये ती तेच तर करायला बघत होती, शांतता, शेती, झाडं, आणि ते तिला जमत नव्हतं, आवडत तर अजिबात नव्हतं. तिथे ती ठरवते की आपण कोण आहोत. आग आणि रक्त. हे वाचून पुढे ती शहर जाळेल असं सांगितलं तर मी मानेन, कारण वळण मी बघितलंय. सहावं पुस्तक, द विंड्स ऑफ विंटर, याची वाट बघण्यात लोकांची वर्षं चाललीयत, त्यामागे हे एक कारण आहे, नुसतं पुढे काय झालं एवढंच नाही.

आता रेनीरा, आणि तिच्यामागची खरी राणी

हाऊस ऑफ द ड्रॅगन ज्या पुस्तकावर आहे ते फायर अँड ब्लड, २०१८ चं. त्यात गंमत अशी की ते कादंबरीसारखं नाहीचे, एका विद्वानाने शंभरेक वर्षांनी लिहिलेला इतिहास असावा तसं आहे, आणि त्याचे साक्षीदार कोण, तर एक धर्मगुरू जो विरोधी गटाचा, आणि एक दरबारी विदूषक ज्याला चहाटळ गोष्टी सांगायची हौस. म्हणजे राणी रेनीरा, जिला बापाने वारस ठरवलं पण सिंहासन सावत्र भावाने घेतलं, ती कशी बिघडली हे आपल्याला तिच्याकडून कधीच कळत नाही, तिच्याबद्दल बोलणाऱ्यांकडून कळतं.

आणि हे सगळं एका खऱ्या बाईवरून आलंय. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री, त्याचा एकमेव औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून मेला, मग त्याने सरदारांकडून मुलगी मटिल्डा हिच्यासाठी शपथा घेतल्या. ११३५ ला हेन्री मेला आणि भाचा स्टीफनने सिंहासन पटकावलं, शपथा विसरून. वर्षानुवर्षं युद्ध चाललं. ११४१ ला मटिल्डाच्या बाजूने स्टीफनला पकडलं, ती लंडनला आली, राज्याभिषेक आता होणारच होता. लंडनवाले करात सूट मागत होते, हिने उलट पैसा मागितला. लोक उठले आणि तिला शहरातून पळावं लागलं. मुकुट तिला कधीच मिळाला नाही, तो मिळाला तिच्या मुलाला, ११५४ मध्ये, दुसरा हेन्री म्हणून. स्टीफनच्या बाजूच्या बखरकाराने तिला गर्विष्ठ, उद्धट, बाईला शोभणार नाही अशी रंगवली. पण युद्धाच्या मध्यावर तिजोरी रिकामी असताना पैसा मागणं हे तर त्या काळचा कुठलाही राजा करत होता, तिच्या बापाने पण केलं असतं आणि त्याला खंबीर म्हटलं असतं.

पुस्तकातली रेनीरा तंतोतंत तिथेच अडकते. राजधानी घेते तेव्हा खजिना आधीच हलवलेला. मग कर, करांवर कर, लोक चिडलेले, सावत्र बहिणीच्या मृत्यूनंतर दंगल, जमाव ड्रॅगनच्या तळावर चालून जातो आणि ड्रॅगन मारले जातात. ती शहर सोडून पळते आणि जहाजाचं भाडं द्यायला डोक्यावरचा मुकुट विकते. शेवटी सावत्र भाऊ तिला आपल्या ड्रॅगनला खाऊ घालतो, तिच्या मुलाच्या समोर.

सिरीज २०२४ च्या दुसऱ्या सीझनपर्यंत या भागाला पोचलेली नव्हती. तोपर्यंत तिने रेनीराला बरीच सौम्य ठेवलीय, लहान मुलाच्या खुनाचा डाग पण तिच्यावर येऊ न देता तिच्या नवऱ्यावरच ठेवला. पण त्याच सीझनला सामान्य लोकांना ड्रॅगनसमोर उभं करून बरेचसे जळताना ती बघत राहते, आणि आपण देवाने निवडलेलो आहोत असं तिला वाटायला लागलंय हे दिसतं. म्हणजे गॅस चालू झालाय. आता मला जो सीन बघायचाय तो ड्रॅगनचा नाहीच. रिकामा खजिना, समोर हिशोबाच्या वह्या, पगार मागणारे सैनिक, आणि रेनीरा ठरवतेय की पैसा कोणाकडून काढायचा. तिथे कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर पाच मिनिटं राहिला तर पुढे शहर तिच्यावर उलटेल तेव्हा चूक कोणाची यावर लोक खुशाल भांडोत, पण अचानक झालं असं कोणी म्हणणार नाही.